नवी पृथ्वी, जुनी वाडी

आमच्या वाडीच्या खरेदीखतावर माझीही सही आहे. हे आरंभीच सांगून टाकतो. पुढचे वाचताना 'हा गृहस्थ कोणत्या तोंडाने बोलतो आहे?' असा प्रश्न वाचकाला पडला, तर तो रास्त आहे हे मला मान्य आहे.

वसईतल्या आमच्या गावात, चर्चपासून हाकेच्या अंतरावर, ती वाडी होती. राजेळी केळी, कडेने पानवेली, चार-सहा माड, एक रहाटाची विहीर आणि खालच्या अंगाला बावखल. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर बावखल म्हणजे माणसांनी खणलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, हळूहळू जमिनीत मुरते, भोवतालच्या विहिरींना पुरते आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला आत सरकू देत नाही. एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी असलेल्या मुलखात गोडे पाणी टिकले ते अशा खड्ड्यांच्या जोरावर. आजी राजेळीची सुकेळी करायची; उन्हात वाळत घातलेल्या केळ्यांवर माश्या बसू नयेत म्हणून राखण करण्याचे काम आम्हा मुलांकडे असे.

डिसेंबर १९९३. नाताळाआधीच्या आगमनकाळातला दुसरा रविवार. कॅथलिक उपासनेत शास्त्रवाचनांचे तीन वर्षांचे चक्र असते. त्या वर्षी पेत्राच्या दुसऱ्या पत्रातला तिसरा अध्याय वाट्याला आला होता. प्रभूचा दिवस चोरपावलांनी येईल, आकाश मोठ्या गर्जनेने नाहीसे होईल, सृष्टीची मूलतत्त्वे तापून वितळतील, अशा आशयाचा तो उतारा. मिस्सा सुटल्यावर अंगणात माझ्या एका काकांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "ऐकलंस ना? शेवटी हे सगळं जळूनच जायचंय. मग वाडी कोणासाठी राखायची, पोरा?"

ते अर्धे चेष्टेत बोलले होते. पण वडील जाऊन वर्ष झाले होते, विहिरीचे पाणी मचूळ लागू लागले होते, केळी पिवळी पडत होती, आणि वाडी घ्यायला टपलेला गृहस्थ दर आठवड्याला ओटीवर येऊन बसत होता. फेब्रुवारीत आम्ही भावांनी सह्या केल्या. बावखल आणि त्याच्या काठचा तुकडा तेवढा धाकट्याने हट्टाने मागे ठेवला. मी इतिहास शिकवणारा माणूस. 'भावनेला किती चिकटायचे' असे त्याला सुनावल्याचे आठवते.

काकांचे ते वाक्य मात्र डोक्यातून गेले नाही. जग जळणार असेल तर ते राखायचे कशाला, हा प्रश्न काही एकट्या काकांचा नव्हे. ख्रिस्ती परंपरेवर तो अनेकांनी रोखला आहे आणि परंपरेतल्या काहींनी तो स्वतःच्या सोयीसाठी वापरलाही आहे. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला तेव्हा मी त्या उताऱ्याचाच माग काढायला बसलो.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी, की उतारा आगीवर संपत नाही. दोनच ओळी पुढे पेत्राचे पत्र नव्या आकाशाची आणि न्याय जिथे वस्तीला येईल अशा नव्या पृथ्वीची वाट पाहायला सांगते. काका तिथपर्यंत लक्ष देऊन ऐकत नव्हते इतकेच.

दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक होती. दहाव्या ओळीच्या शेवटी पृथ्वीचे नेमके काय होणार, यावर हस्तलिखितांचेच एकमत नाही. १६११च्या किंग जेम्स इंग्रजी बायबलमध्ये पृथ्वी व तिच्यावरील कामे 'जळून जातील' अशा अर्थाचे क्रियापद आहे. ते भाषांतर उत्तरकालीन ग्रीक हस्तलिखितांवर उभ्या असलेल्या छापील पाठावरून झाले. पण चौथ्या शतकातल्या दोन प्राचीन पोथ्यांमध्ये, म्हणजे व्हॅटिकनच्या ग्रंथालयातली एक आणि सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरिन मठात टिशेनडॉर्फ या जर्मन पंडिताला १८४४ आणि १८५९मध्ये टप्प्याटप्प्याने गवसलेली दुसरी, तिथे क्रियापद वेगळेच आहे: 'सापडेल', 'उघडी पडेल'. 'जळेल' म्हणायला ग्रीकमध्ये 'काताकाएसेताय', 'सापडेल' म्हणायला 'हेउरेथेसेताय'. नकलून घेणाऱ्या कुणाला 'आगीत पृथ्वी सापडेल' हे वाक्य अर्थहीन वाटले असावे आणि त्याने ते 'सुधारले' असावे, असा तर्क बहुतेक अभ्यासक करतात. पोथ्यांवर काम करणाऱ्या आपल्याकडच्या संशोधकांना हा प्रकार नवा नाही. नकलणारा जिथे अडतो तिथे पाठ सोपा होतो. म्हणून अवघड पाठ जुना धरावा.

'सापडेल' याचा अर्थ काय लावायचा? काहींच्या मते न्यायाच्या वेळी माणसाची कृत्ये उघडी पडतील, असा. काहींना त्यात सोनाराची मूस दिसते: हिणकस जळून गेल्यावर तळाशी जे सापडते ते. माझा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे, कारण त्याच अध्यायात थोडे आधी नोहाच्या जलप्रलयाचा दाखला आहे. त्या वेळचे जग पाण्याने 'नाश पावले' असे पत्र म्हणते, आणि तरी नोहा तारवातून उतरला तो याच जमिनीवर. पुढे त्याने द्राक्षमळा लावला. मात्र इथे एक खडा टोचतो, तो लपवणे बरे नाही. २०१२मध्ये निघालेल्या ग्रीक नव्या कराराच्या अठ्ठाविसाव्या प्रमाण आवृत्तीच्या संपादकांनी एक नकार घालून 'सापडणार नाही' असा पाठ स्वीकारला. एकाही ग्रीक पोथीत तो नाही. कॉप्टिक आणि सिरियाक भाषांतरांच्या आधारावर तो घेतलेला आहे. म्हणजे आमची पृथ्वी पंडितांच्या टेबलावर अजून सापडते आहे आणि हरवते आहे.

एका क्रियापदावर सगळी भिस्त ठेवावी लागत नाही हे बरे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल सांगतो की सारी सृष्टी प्रसववेदनांनी कण्हत आहे आणि तिलाही विनाशाच्या दास्यातून सुटायचे आहे. वेणा म्हटल्या की शेवटी मरण अपेक्षित नसते. प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात 'नवी पृथ्वी' येते तिथेही पूर्वी नव्हतेच असे काहीतरी, या अर्थाचा 'नेओस' हा शब्द नाही. 'काइनोस' आहे, ज्यात नूतनीकरणाची छटा आहे. आणखी एक: त्या दृष्टांतात माणसे वर स्वर्गात जात नाहीत, नगरीच खाली उतरून येते. हा दिशेचा फरक आम्ही विसरलो. सतराव्या शतकात गोव्यात फादर स्टीफन्सनी 'ख्रिस्तपुराण' रचले (पहिले मुद्रण १६१६), तेव्हा मराठी श्रोत्यांना कळावे म्हणून त्यांनी स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले. शब्द लखलखीत आहे, पण वैकुंठ वर असते आणि तिथे जायचे असते. आजीच्या तोंडीही 'वर जाणे' हेच होते.

त्याच अध्यायातली एक ओळ मात्र आमच्याकडे कुणालाच रुचत नाही. नव्या पृथ्वीवर समुद्र नसेल, असे योहान म्हणतो. पाचूबंदरला मासे विकणाऱ्या एका बाईंना मी हे एकदा सांगितले. त्या म्हणाल्या, "मग मी तिथे येऊन करू काय, मास्तर?" मी त्यांना समजावले की इस्राएली मनाला समुद्र म्हणजे उत्पत्तीपूर्वीचा गोंधळ, आणि पात्म बेटावर हद्दपार झालेल्या योहानाला तर तो कैदेची भिंत. त्यांचे समाधान झाले नाही. माझेही पुरते झालेले नाही.

दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात लायनचा बिशप आयरेनियस या आशेच्या बाजूने सगळ्यांत ठामपणे उभा राहिला. त्याचे भांडण ज्ञानवादी पंथांशी होते. हे जड जग कुण्या खालच्या देवाच्या हातून बिघडलेली वस्तू आहे आणि आत्म्याने त्यातून निसटावे, असे त्यांचे म्हणणे. आयरेनियसचे उत्तर असे, की निर्माण करणारा आणि तारणारा एकच आहे, म्हणून सृष्टीचे सत्त्व नष्ट होणार नाही. फक्त तिचे आजचे रूप मावळेल. नव्या पृथ्वीवरच्या द्राक्षवेलींना दहा-दहा हजार फांद्या फुटतील, अशी एक जुनी आठवणही तो नोंदवतो. गंमत म्हणजे त्याच्या ग्रंथाचे हे शेवटचे अध्याय मध्ययुगात कित्येक प्रतींतून गळाले. पृथ्वीवरच्या राज्याची इतकी मातकट कल्पना पुढच्या काळाला अवघड वाटली असावी. १५२६मध्ये इरॅस्मसने ग्रंथ छापला तेव्हाही ते त्यात नव्हते. ते छापून यायला १५७५ उजाडले. द्राक्षमळाच गाळून पुस्तक पुढे गेले, असे म्हणायला हरकत नाही.

ऑगस्टीनने रूप जाईल, प्रकृती जाणार नाही एवढे सांभाळले. पण तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसच्या शिकवणुकीत नव्या जगात झाडे-प्राणी उरत नाहीत. त्यांचे काम माणसाच्या या आयुष्यापुरते. तर्क चोख आहे, पण नवे जग ओसाड पडते. त्याला मला भावलेले उत्तर आले ते खूप उशिरा, १७८१च्या सुमारास, घोड्यावरून हजारो मैल हिंडून प्रवचने करणाऱ्या जॉन वेस्लीकडून. रोमकरांस पत्रातल्या त्याच अध्यायावर प्रवचन रचताना त्याने मुक्या जनावरांनाही सुटकेचा वाटा दिला. आयुष्यभर घोड्याच्या पाठीवर बसलेल्या माणसाला हे सुचले, यात मला योगायोग वाटत नाही. १८२४मध्ये लंडनला जनावरांवरील क्रौर्य रोखणारी संस्था उभी राहिली तेव्हा तिचा पहिला चिटणीस आर्थर ब्रूम हाही धर्मगुरूच होता.

आता राखणीविषयी. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला पृथ्वीवर सत्ता चालवायला सांगितले आहे, हे सगळ्यांना माहीत असते. दुसऱ्या अध्यायात त्याला बागेत ठेवले ते कशासाठी, हे कमी ठाऊक असते. हिब्रूत तिथे दोन क्रियापदे आहेत, 'आबाद' आणि 'शामार'. पहिल्याचा अर्थ कष्ट करणे, सेवा करणे, दुसऱ्याचा राखणे. माणूस 'आदाम', कारण तो 'आदामा'चा, म्हणजे मातीचा. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात तर जमिनीलाच शब्बाथ आहे: दर सातव्या वर्षी तिला पड ठेवायचे; ती कायमची विकायचीही नाही, कारण मालक देव आहे, तुम्ही कुळे. (हा अध्याय मी १९९४नंतर वाचला असे म्हणालो तर ते खोटे होईल.) शब्बाथाचे हे हाड आपल्या कोकणाला अपरिचित नाही. आमच्या उत्तरेच्या खाडीपासून दक्षिणेला अलिबागपर्यंत बेने इस्रायली लोकांना 'शनवार तेली' म्हणत ते शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून. बैलालाही त्या दिवशी सुटी मिळे.

१९६१च्या नोव्हेंबरात दिल्लीला जागतिक चर्च परिषदेचे तिसरे अधिवेशन भरले. त्यात रशियन ऑर्थोडॉक्स चर्च सामील झाले, ही त्या वेळची मोठी बातमी. त्या गडबडीत शिकागोच्या जोसेफ सिटलर नावाच्या लुथरन पंडिताने कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायावर भाषण केले. ख्रिस्तामध्ये 'सर्व काही' समेटले जाते असे पौल म्हणतो. त्या 'सर्व काही'मध्ये पाणी, माती, अणू येतात की नाही, असा त्याचा रोख होता. निसर्गाला तारणाच्या बाहेर ठेवणाऱ्या धर्माला अणुयुगात काही सांगता येणार नाही, हे त्याला दिसत होते. उपस्थितांपैकी अनेकांना ते विषयांतर वाटले.

पाचच वर्षांनी, २६ डिसेंबर १९६६ला, लिन व्हाइट यांनी वॉशिंग्टनमध्ये ते प्रसिद्ध व्याख्यान दिले. मार्च १९६७मध्ये ते 'सायन्स' नियतकालिकात छापून आले आणि पर्यावरणाच्या अरिष्टाचा मोठा दोष पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्माच्या माथी बसला. व्हाइट मध्ययुगीन नांगर आणि पाणचक्क्यांचे इतिहासकार. त्यांचे आरोपपत्र सगळे उद्धृत करतात. पण ते स्वतः चर्चला जाणारे होते आणि व्याख्यानाच्या शेवटी त्यांनी असिसीच्या फ्रान्सिसला पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता संत करा असे सुचवले होते, ते सहसा सांगितले जात नाही. १९७९मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी नेमके तेच केले.

व्हाइट यांचा दोषारोप मला अर्धा पटतो. काकांच्या प्रश्नाचे अमेरिकी रूप खरोखरच अस्तित्वात होते. पहिला वसुंधरा दिन साजरा झाला त्याच १९७० साली हॅल लिंडसे यांचे जगबुडी जवळ आल्याचे सांगणारे पुस्तक निघाले आणि लाखांनी खपले. पण इथेही सावध राहायला हवे. रेगन यांचे अंतर्गत खात्याचे मंत्री जेम्स वॉट यांनी १९८१मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे म्हटले, की प्रभू परत येण्याआधी आणखी किती पिढ्या होणार हे मला ठाऊक नाही. एवढाच तुकडा जगभर फिरला. त्याच दमात, त्या पिढ्यांसाठी साधने शिल्लक राहतील असे व्यवस्थापन केले पाहिजे, असेही ते बोलले होते; ते गळाले. शेवटचे झाड पडले की ख्रिस्त येईल असे एक भलतेच वाक्यही पुढे त्यांच्या नावावर चढले. ते वापरल्याबद्दल बिल मॉयर्स या नामवंत पत्रकाराला २००५मध्ये माफी मागावी लागली. वॉट यांची धोरणे खाणवाल्यांना आणि लाकूडवाल्यांना धार्जिणी होती, हे खरे. पण त्यासाठी त्यांना प्रकटीकरणाची गरज नव्हती. मला १९९४मध्ये होती का? सही करताना माझ्या मनात पेत्र नव्हता; मुलीचे शिक्षण होते आणि मचूळ विहीर होती. काकांचे वाक्य आम्ही नंतर पांघरायला घेतले.

उलट बाजूचा पुरावा आमच्या दारातच होता. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईचा हिरवा पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला, विहिरींचे पाणी टँकरमधून बाहेर जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. १९९०मध्ये वसई-विरारच्या नियोजनाचे काम सिडकोकडे आले आणि लढा मोर्च्यांबरोबरच आराखड्यांच्या भाषेतही लढावा लागला. दिब्रिटो तेव्हा 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. समितीत हिंदू होते, मुसलमान होते, देव न मानणारे समाजवादी होते. पण धर्मगुरूने धमक्या पचवून रस्त्यावर उतरावे हे आमच्या जुन्या मंडळींना पहिल्यांदा पचले नाही. 'फादरांनी आत्म्यांचं बघावं, विहिरींचं कशाला?' असे आमच्याच ओटीवर बोलले गेले आहे. ज्या माणसाने हे ऐकून घेतले, त्यानेच पुढे अख्ख्या नव्या कराराचे सुबोध मराठी केले, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही. २५ जुलै २०२४ला ते गेले. मी त्यांच्या एका सभेत मागच्या रांगेत उभा होतो, खरेदीखत होऊन वर्षही झाले नव्हते. पुढे जाऊन बोलण्याचे धैर्य झाले नाही.

लढा जिंकला की हरला, हे मला एका वाक्यात सांगता येणार नाही. पश्चिमेच्या गावांत आजही जी केळी आणि पानवेली दिसतात ती त्या लढ्याशिवाय दिसली नसती, असे माझे मत आहे. आणि जुलै २०१८मध्ये वसई-नालासोपारा दिवसचे दिवस पाण्यात राहिले, तेव्हा पाणी मुरायच्या जागा कुठे गेल्या हे विचारायला कुणा पंडिताची गरज उरली नव्हती.

२०१५मध्ये पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक निघाले. त्याचे नाव असिसीच्या फ्रान्सिसने उंब्रियाच्या लोकभाषेत रचलेल्या सृष्टिस्तोत्रातले आहे. ते स्तोत्र १२२५च्या आसपासचे. पंडितांची भाषा सोडून आईच्या भाषेत देवाशी बोलणाऱ्या आपल्या ज्ञानेश्वरांच्या आधी जेमतेम पासष्ट वर्षांचे. परिपत्रकाच्या शेवटाकडे, दोनशे त्रेचाळिसाव्या परिच्छेदात, अनंत जीवनात प्रत्येक प्राणिमात्र रूपांतरित होऊन आपली जागा घेईल असे म्हटले आहे. अक्वायनसने बंद केलेले फाटक साडेसातशे वर्षांनी असे कुणी हळूच उघडले. त्याची चर्चा फारशी झाली नाही. सगळे तापमानवाढीच्या आकड्यांवर बोलत राहिले.

दर ऑक्टोबरात आमच्याकडे आगेऱ्याचा सण असतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये न्यायच्या, आशीर्वाद घ्यायचा, लोंबी घरी आणून लावायची. गेली काही वर्षे आमच्या आळीत भात कुणी लावत नाही. लोंब्या वाड्याकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणतात. आजीला हे पटले नसते.

धाकट्या भावाने यंदा मे महिन्यात बावखलातला गाळ काढून घेतला. तीस वर्षांचा गाळ. त्यात फुटकी कौले, प्लॅस्टिक आणि रहाटाच्या गाडग्यांची खापरे निघाली. पाऊस चांगला झाला आणि ते काठोकाठ भरले. गणपतीनंतर मी गेलो तेव्हा त्याने काठच्या नव्या बोअरचे पाणी तांब्यात भरून दिले आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. अजून मचूळच आहे. पण मागच्या वर्षीइतके नाही, असे तो म्हणतो.